पार्कातला दिवस वावराच्या वेळेने काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्या लागल्या की यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा भागातून हैदराबादकडे गाड्या निघू लागतात. पूर्वी घरची सहल म्हणजे माहूर, शेगाव, फार तर चिखलदरा. आता लेकरे मोबाइलवर रोलर कोस्टर पाहतात आणि त्यांना हैदराबादचे रामोजी, वंडरला, नाही तर खोपोलीचे इमॅजिका असे मौजेचे पार्क हवे असतात. यात काही वावगे नाही. वर्षभर वावरात राबणाऱ्या घराने दोन दिवस मौजेसाठी काढावेत, हे चांगलेच आहे. वाईट याचे वाटते की यातली बरीच घरे परत येतात तेव्हा कुणाला ताप असतो, कुणाचे पाय सुजलेले असतात आणि लेकरू दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. गावातल्या सहलींची आखणी करून देणारे आम्ही काही वाचक मिळून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण सुटीच्या आधी छापले तर लोकांच्या कामी पडेल.

बहुतेक घरांचा बेत सारखाच असतो. रात्री जेवून नऊ-दहाला क्रूझरमध्ये बसायचे, पहाटे हैदराबाद गाठायचे, पेट्रोलपंपावर तोंड धुवायचे, पार्कचे दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत राहायचे आणि रात्रीच परतीला लागायचे. लॉजचे भाडे वाचते आणि कामाचा एक दिवसही वाचतो. मात्र या बेतात घरातला प्रत्येक माणूस दोन रात्री आणि एक दिवस जवळपास बिनझोपेचा काढतो. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला रात्रीची ९ ते १२ तास झोप लागते. गाडीत मान वाकडी करून काढलेली डुलकी त्यात धरता येत नाही. दुपारी दोनला भर पार्कात जे लेकरू पाय आपटून रडते, त्याला आपण हट्टी म्हणतो. खरे तर त्याची आदली रात्र बाकी असते. पार्कातला अर्धाअधिक थकवा असा गाडीतूनच सोबत आलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, पार्कच्या आदल्या रात्री मुक्काम करा. पैसे कमी पडत असतील तर दोन पार्कांऐवजी एक पाहा, पण मुक्काम तोडू नका. दिवसाउजेडी निघायचे, सायंकाळी लॉजवर पोचायचे, साधे जेवण करून साडेनऊला झोपायचे. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने आदिलाबाद, निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, मेडचल असा रस्ता आहे. हैदराबाद सुमारे साडेतीनशे किलोमीटर पडते. सकाळी सातला निघून दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबत गेले तरी दिवस मावळायच्या आत पोचता येते. लॉज मात्र चारमिनारजवळ किंवा स्टेशनजवळ घेऊ नका. रामोजी फिल्म सिटी शहराबाहेर विजयवाडा रस्त्यावर आहे आणि वंडरला रावीर्यालला. ही दोन्ही ठिकाणे शहराला वळसा घालणाऱ्या १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडच्या जवळ आहेत. मुक्काम त्या बाजूला असला तर सकाळी शहराच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वाचतो. तोच वेळ पार्कात रांग छोटी असतानाचा असतो.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे. पहाटे नागपूरहून सुटते, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाला थांबते आणि दुपारी सिकंदराबादला पोचते. भाडे जास्त आहे, पण ज्या घरात म्हातारी माणसे किंवा तीन वर्षांखालचे लेकरू आहे, त्यांनी क्रूझरच्या मागच्या आडव्या बाकावर आठ तास बसण्यापेक्षा ही गाडी घ्यावी. दुपारी पोचायचे, आराम करायचा आणि पार्क दुसऱ्या दिवशी.

गाडीने जाणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपेचा विचार सगळ्यात आधी करा. रात्रभर गाडी चालवून तो सकाळी पार्किंगमध्ये थांबतो. आपण आत मजा करत असतो, तेव्हा तो उन्हात तापलेल्या गाडीत सीट मागे पाडून झोपायचा प्रयत्न करतो. त्या उष्णतेत अंगाची नुसती काहिली होते, झोप लागत नाही. रात्री तोच माणूस पुन्हा स्टेअरिंगवर. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ झोपेचा सर्वांत जोर असण्याची, आणि सरळ, रिकामा रस्ता त्यात भर घालतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाचे तास ८ ठरवले होते आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. भाड्याची गाडी ठरवतानाच ड्रायव्हरच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे बेतात धरा. तो आमच्यासोबत हॉलमध्ये झोपेल, असे म्हणू नका. लेकरांच्या गोंधळात त्याला झोप लागणार नाही, त्याला वेगळी खाट आणि पंखा हवा.

आता पार्काकडे येऊ. लोक नेहमी विचारतात की दिवसभर डवरणी करणारा, कापूस वेचणारा माणूस पार्कात सायंकाळपर्यंत गळून का जातो. याची दोन कारणे आहेत. वावरात माणूस चालत असतो, वाकत असतो, आणि पायाखाली माती असते. चालताना पोटरीचे स्नायू दाबले जातात आणि पायातले रक्त वर ढकलतात. रांगेत तासन् तास एका जागी उभे राहिले की ते काम थांबते. रक्त पायातच साचते, पाय जड होतात, घोट्याजवळ सूज येते आणि एखाद्याला चक्करही येते. त्यात खाली सिमेंट असते. ते वरच्या उन्हासारखीच खालून आच देते. रांगेत उभे असताना दर दोन-तीन मिनिटांनी टाचा उचलून दहा वेळा चवड्यांवर उभे राहायचे, एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरे कारण वेळेचे आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कोणी वखर चालवत नाही. पहाटे पाचला बैल जुंपतात, दहा-अकराला सोडतात, मग जेवण, निंबाखाली आडवे होणे, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा काम. ही वेळ आपल्या अंगात बसलेली आहे. पार्क नेमके उलटे चालते. दार उघडते नऊ ते अकराच्या दरम्यान, आणि गर्दीचा कळस येतो भर दुपारी, शरीर विसावा मागत असते तेव्हा. आमचा आग्रह आहे की पार्कातही वावराचीच वेळ पाळावी. सकाळी कामाला लागल्यासारखे लागावे, दुपारी सावलीला बसावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उठावे.

ते करायचे कसे ते सांगतो. दार उघडायच्या अर्धा तास आधी तिकिटासह दारात उभे राहा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवले तर खिडकीची रांग वाचते. आत शिरल्यावर पहिल्याच राइडला थांबू नका. तिथे सगळेच थांबतात. सरळ शेवटच्या टोकाला जा आणि मोठ्या राइडपासून सुरुवात करा. पहिल्या दीड-दोन तासांत जेवढे होते, तेवढे दुपारी चार तासांत होत नाही. साडेबारापासून अडीचपर्यंत मात्र उठायचे नाही. एसी हॉलमधला एखादा शो धरा, जेवा, सावलीत चादर टाकून लहान्यांना निजवा. लेकरू पाऊण तास झोपले तरी त्याची सायंकाळ सुधारते. या दोन तासांत तिकिटाचे पैसे वाया जातात, असे घरातला कोणीतरी म्हणतोच. त्याला सांगा की त्या दोन तासांत उन्हात फार तर दोन-तीन राइड झाल्या असत्या, आणि त्यापायी पुढचे चार तास गेले असते.

रांगेचा हिशेब उभे राहण्याआधीच करता येतो. कठड्यांच्या मधल्या एका ओळीत किती माणसे आहेत ते मोजा आणि ओळींनी गुणा. एका ओळीत ३० आणि ओळी आठ म्हणजे २४० माणसे. मग राइडच्या एका फेरीत किती जण बसतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो ते पाहा. २४ जण दर तीन मिनिटांनी सुटत असतील तर मिनिटाला आठ जण पुढे सरकतात, म्हणजे अर्धा तास. त्याच रांगेत फेरीला १२ जणच बसत असतील तर एक तास. दिवसात आठ राइड आणि प्रत्येकीला चाळीस मिनिटे धरली तर पाच तास वीस मिनिटे नुसते उभे राहणे झाले, आणि प्रत्यक्ष राइडवर गेलेला वेळ पंधरा-वीस मिनिटे. हा आकडा कळला की घरचे लोक आपणच म्हणतात, चार निवडक करू. चाळीस मिनिटांपेक्षा लांब रांगेत दहा वर्षांखालच्या लेकराला उभे करू नये, असे आमचे मत आहे.

लेकरांची उंची घरीच मोजून घ्या. चप्पल काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करायचे, डोक्यावर आडवी पट्टी धरायची, खडूने रेघ मारायची आणि टेपने सेंटिमीटर मोजायचे. पार्कात मुलांचे तिकीट बरेचदा वयावर नसते, उंचीवर असते. मोठ्या राइडला १२० किंवा १४० सेंटिमीटरची अट असते. ११६ सेंटिमीटरचे लेकरू रांगेत तासभर उभे राहून पट्टीजवळून परत फिरवले गेले की दिवसभर सावरत नाही. त्याला कोणत्या राइड मिळतील आणि कोणत्या नाही, हे चौकटीजवळच सांगून टाका. अट सुरक्षेची आहे. पट्ट्यात न बसणारे अंग राइडवर निसटू शकते. कर्मचाऱ्याशी त्यावर वाद घालू नका. गरोदर बाई, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मानेचे किंवा कमरेचे दुखणे असलेले माणूस, यांना जोरात हिसके देणाऱ्या राइडवर बसवू नये. एकदा बसून पाहा, असा आग्रह तर अजिबात करू नये.

पाण्याच्या राइडबाबत आपल्याकडच्या बायाबापड्यांची सर्वांत जास्त अडचण होते, म्हणून ते जरा सविस्तर. वॉटर पार्कमध्ये साडी, सलवार-कमीज, सुती कपडे किंवा जीन्स घालून पाण्यात जाऊ देत नाहीत. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. यामागे कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होते, घसरगुंडीवर अडकते, आणि त्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात जातात. पोशाख तिथे भाड्याने मिळतो, पण मापाचा मिळेलच असे नाही, आणि त्यासाठी वेगळी रांग व वेगळी अनामत असते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख तालुक्याच्या बाजारात किंवा नागपूर, अमरावतीला आधीच घेऊन ठेवावा. असा पोशाख असला की संकोच राहत नाही आणि बाई काठावर बसून न राहता स्वतः पाण्यात उतरते. मांड्या आणि काखा ओल्या कपड्याने घासून सोलतात. आत जाण्याआधी तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. पाण्याचा भाग कधी सुरू होतो आणि कधी बंद होतो, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. त्याची वेळ बाकी पार्कपेक्षा वेगळी असू शकते.

पाण्यात थकवा कळत नाही. अंग गार असते, घाम दिसत नाही आणि तहान मरते. पण घसरगुंडीच्या प्रत्येक फेरीला जिना चढावा लागतो, तोही बरेचदा हातात ट्यूब घेऊन. चार मजल्यांचा जिना दहा वेळा चढला की चाळीस मजले झाले. दर अर्ध्या तासाने लेकरांना बाहेर काढून दहा मिनिटे सावलीत बसवा आणि पाणी पाजा. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की त्या लेकरासाठी पाणी संपले असे समजा. बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच बाहेर पडा. शेवटची शिटी झाली की कपडे बदलायच्या खोल्यांसमोर शेकडो ओली माणसे एकदम उभी राहतात. त्या रांगेत कुडकुडत घालवलेला अर्धा तास सगळ्या दिवसाचा शेवट बिघडवतो. अनवाणी पायांचे तळवेही तापलेल्या फरशीवर भाजतात, म्हणून साधी रबरी स्लीपर जवळ असू द्या.

सामानाजवळ बसवलेल्या आजीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोणत्याही वॉटर पार्कमध्ये दुपारी गेलात तर ती दिसते. बाकावर बसलेली, मांडीवर एक पिशवी, पायाशी तीन, खांद्यावर नातवाचा टॉवेल. सकाळी त्या बाकावर सावली होती, बारानंतर ऊन आले, पण चार पिशव्या एकटीने हलवता येत नाहीत म्हणून ती पदर डोक्यावर ओढून तिथेच बसते. पिशव्या सोडून जाता येत नाही म्हणून ती लघवीला जात नाही, आणि जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. सायंकाळी सगळे हसत बाहेर येतात, तेव्हा तिचे डोके ठणकत असते. दोनशे-तीनशे रुपयांत लॉकर मिळत असताना घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला राखणीला बसवू नका. तिला पाण्यात उतरायचे नसेल तर तिच्या जोडीला दर तासाला घरातला एक जण बसावा. नाहीतर तिच्यासाठी रामोजीसारखे ठिकाण निवडावे. १९९६ साली सुरू झालेल्या त्या फिल्म सिटीत सेटमधले अंतर पार्कच्या बसनेच पार होते. चढ-उतार तिथेही असतात, पण बसायला मिळते.

पाणी न पिण्याची सवय तरुण बायांनाही आहे. शौचालय कसे असेल या भीतीने सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात आणि दुपारी डोके धरून बसतात. मोठ्या पार्कमधली शौचालये बहुधा बरी असतात, तेव्हा ही भीती घरीच ठेवा. मोठ्यांनी दर वीस-तीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, लेकरांनी चार-पाच घोट, तहान लागो वा न लागो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. घाम फार जात असेल तर नुसते पाणी पुरत नाही, मीठ लागते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी पुडी अर्ध्या बाटलीत अंदाजाने टाकायची नाही, प्रमाण चुकते. केलेले पाणी २४ तासांत संपवायचे. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातले गोड, फळांच्या चवीचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली आहे. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल त्यांनी ओआरएस किती घ्यावे, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

इमॅजिकाला किंवा मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. आपल्याकडे ४४ अंशांतही घाम लगेच वाळतो, म्हणून अंग थंड राहते. कूलर चालतो तोही याच कारणाने. घाटाखाली खोपोलीकडे हवा दमट असते. तिथे कूलर काही कामाचा नाही, आणि घामही वाळत नाही, नुसता वाहतो. पारा ३४ वर पाहून आपल्या माणसाला वाटते, हे तर काहीच नाही, आणि तो टोपी-दुपट्टा न घेता फिरतो. दमट हवेत विसावा जास्त वेळा घ्या, आणि पंख्याखाली घ्या.

खाण्याचे थोडक्यात. बाहेरचा डबा बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, लेकराचे अन्न आणि औषधे तेवढी चालतात. म्हणून डबा दाराबाहेरच संपवायचा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी प्रवासात दीड दिवस टिकते. दही, ओली भाजी किंवा उसळ मे महिन्यात गाडीत नेऊ नका. सकाळी तर्री-पोहे आणि आलुबोंड्यावर राइडला बसले की तेल वर येते आणि उलटी होते. पार्क अकराला उघडत असेल तर साडेनऊला दशमी, केळ, उकडलेले बटाटे असे पोटभर खा. म्हणजे राइडपर्यंत दीड तास मिळतो. दुपारी वरण-भात किंवा दही-भात, आणि त्यानंतर तासभर फिरकीच्या राइड नाहीत. मधुमेहींनी जेवणाची घरची वेळ चुकवू नये, खिशात साखर ठेवावी आणि इन्सुलिन तापलेल्या गाडीत सोडू नये. गाडी लागण्याच्या गोळीने झोप येते, म्हणून ती प्रवासापुरती ठेवा, आणि लेकराला तिचे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

सहलीसाठी घेतलेले नवे बूट पहिल्यांदा पार्कात घालू नका. आठ दिवस आधीपासून घरी वापरा, नाहीतर अकरापर्यंत टाचेला फोड येतो. मागे पट्टा असलेली जुनी सँडल सर्वांत चांगली. सुती मोजे जादा ठेवा. लेकराच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहा आणि सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवा.

कोणाला जास्त झाले तर ओळखायचे कसे, हेही घरातल्या दोघांना तरी माहीत हवे. डोके दुखणे, मळमळ, भरपूर घाम, पोटऱ्यांत गोळे येणे, ही उष्णतेने थकल्याची चिन्हे. सावलीत आडवे करा, पाय उशीएवढे वर ठेवा, कपडे सैल करा, ओल्या दुपट्ट्याने पुसत वारा घाला, ओआरएस घोटाघोटाने द्या. अर्ध्या-पाऊण तासात उतार पडायला हवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजा. पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला हाक मारा, १०८ ला फोन करा, आणि मदत येईपर्यंत मानेवर, काखेत, जांघेत गार ओले फडके ठेवत राहा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. सकाळी निघताना कैरीचे पन्हे पोटात गेलेले असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण त्यात पाणी, साखर, मीठ तिन्ही असते.

सहल कधी काढावी, यावर आमचे ठाम मत आहे. मे महिना, आणि त्यातही २५ मेपासूनचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सर्वांत वाईट. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, २३ जूनच्या पुढे उघडतात. तेलंगणातल्या शाळा १२ जूनच्या सुमारास सुरू होतात. मधल्या आठ-दहा दिवसांत हैदराबादच्या पार्कांत गर्दी कमी असते. नोकरदार घरांनी ही संधी जरूर घ्यावी. शेतकरी घराला मात्र तेव्हा मृग लागून पेरणी डोक्यावर असते, ते घर सोडू शकत नाही. आपल्यासाठी चांगला काळ म्हणजे भाऊबीजेनंतरचा आठवडा. सोयाबीन विकून हातात पैसा असतो, हवा थंड असते, शाळेला सुटी असते. तेलंगणात मोठी सुटी दसऱ्याला, बतुकम्मा या तिकडच्या सणाच्या वेळी होऊन गेलेली असते, त्यामुळे तिथल्या स्थानिक लेकरांची गर्दी ओसरलेली असते. कापसाची पहिली वेचणी मजूर लावून चार दिवस पुढे-मागे करता येते. त्यातही मंगळवार ते गुरुवार निवडा. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारीही शाळांच्या सहलींच्या बसगाड्या लागतात. त्या महिन्यांत जायचे झाले तर आधी पार्कला फोन करून त्या दिवशी किती शाळा येणार आहेत ते विचारा. संक्रांतीच्या आठवड्यात हैदराबादला जाऊच नका, तिकडे तेव्हा मोठी सुटी असते.

परतताना घाई करू नका. पार्कनंतरच्या रात्री तिथेच झोपा, सकाळी नाश्ता करून नऊला निघा. लॉजवर पोचल्यावर गार पाण्याने पाय धुऊन दहा-पंधरा मिनिटे भिंतीला टेकवून वर ठेवले तर सूज उतरते. घरी आल्यावर एक दिवस शाळा, फवारणी, वेचणी काही ठेवू नका. फवारणी तर नकोच. अपुऱ्या झोपेच्या माणसाकडून औषधाचे माप चुकते आणि तोंडाला फडके बांधायचे राहते.

संपादक महोदय, आपल्या सुटी पुरवणीत पार्कच्या तिकिटांच्या सवलती छापून येतात. त्याच पानावर पार्क उघडण्याची व बंद होण्याची वेळ, पाण्याच्या भागाची वेगळी वेळ, मोठ्या राइडची उंचीची अट, पोशाखाचा नियम, लॉकरचे भाडे आणि बाहेर जाऊन परत येता येते की नाही, एवढे सहा मुद्दे एका चौकटीत छापावेत, अशी विनंती आहे. पार्कचालकांनाही आपल्यामार्फत सांगणे आहे. विदर्भातून इतकी माणसे येतात, तेव्हा उंचीची पट्टी राइडजवळ आहे तशी तिकीट खिडकीजवळही लावावी, सूचना मराठीतही असाव्यात, आणि रांगेच्या कठड्यांवर छप्पर व मध्ये पिण्याच्या पाण्याचा नळ असावा. ड्रायव्हरांना झोपण्यासाठी पार्किंगच्या एका कोपऱ्यात पंखे लावलेली शेड उभारली तर रात्री महामार्गावर निघणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या माणसांना तिचा उपयोग होईल.

आपले,
सहलींची आखणी करणारे काही वाचक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ